फाटा

तक्रार तिसऱ्यांदा आली तेव्हा
फ्राउके एक्स्चेंजमधून म्हणाली, आता तूच जा,
आधीचे दोघं नुसते मोडेम बदलून परत आलेत.

नॉर्डेनपासून बावीस किलोमीटर.
समुद्राला थोपवणारा बांध, बांधावर मेंढ्या,
बांधाच्या अलीकडे विटांचं बुटकं घर,
गोठा जरा लांब, कुंपणापलीकडे, रिकामा.
गेशे टामेन, वय ब्याऐंशी, दारातच म्हणाली,
बूट काढ. आणि मग सांग,
मी डाव टाकून पळते असं लोकांना का वाटतं.

रोज संध्याकाळी ती स्काट खेळते
ब्रेमेनच्या एका पाववाल्याशी
आणि तिसऱ्या कुणाशी तरी, ज्याचं नाव फक्त ‘बिजागरी’.
हातात चारही गुलाम असताना लाइन पडली.
चारही!
ती चार बोटं माझ्या नाकासमोर धरून उभी.

मी क्रमाने गेलो, शिकवलंय तसं.
आधी फिल्टर काढले. मग लांबलचक वायर काढली,
जी सोफ्याखालून, गालिच्याखालून
उगाच सगळ्या घराला प्रदक्षिणा घालत होती.
मुख्य सॉकेटला माझा मोडेम थेट जोडला.
अकराशे किलोबिट. नॉइज मार्जिन तीन डेसिबल.
म्हणजे पाण्याच्या वर नुसतं नाक.

कोपऱ्यावरची पेटी उघडली, सांधे कोरडे,
एक गोगलगाय होती, तिला गवतावर ठेवलं.
फ्राउके म्हणाली, इकडून पोर्ट बदललं, बघ.
बघितलं. अकराशे.

मग गेशेबाईंनी चहा ओतला.
कपात खडीसाखर तडकली,
आणि मला रिसीव्हरमधली खरखर वाटून
मी दचकलो. त्या हसल्या नाहीत.
तीन कप घ्यावेच लागतात इथे,
म्हणून दुसऱ्या कपाला मी मीटर पुन्हा जोडला
आणि लाइनमध्ये एक ठोका सोडला.

ठोका जातो, वाटेत काही वेगळं भेटलं
की थोडासा परत फिरतो.
पडद्यावर रेघ सरळ चाललेली,
आणि मध्येच खळगा, मग उंचवटा.
साठ मीटरवर
कुठेतरी तांबं संपत होतं, हवेत.

भिंतीबाहेरच्या जुन्या डबीत, रंगाच्या तीन थरांखाली,
फाटा फुटलेला. राखाडी वायर,
कुंपणाखालून थेट गोठ्यात.
तिच्या टोकाला फोन नाही,
खिळ्यावर फक्त फोनच्या आकाराची
न मळलेली भिंत.

मी समजावलं. म्हटलं, तुमच्याकडे येणारा प्रत्येक संदेश
दुभंगतो इथे. अर्धा तुमच्याकडे,
अर्धा गोठ्यात जातो, तिथे कुणी नसतं,
परत येतो, उशिरा,
आणि पुढून येणाऱ्याच्या अंगावर आदळतो.

त्या बराच वेळ वायरीकडे बघत राहिल्या.
एन्नोसाठी घेतला होता, म्हणाल्या. भावासाठी.
एकाहत्तर साली. जेवायला हाक मारायला.

मी पक्कड खिशात ठेवली. म्हटलं,
तशीच ठेवायची असेल तर मध्ये एखादं—

काप रे, त्या म्हणाल्या.
तो तसाही कधी उचलायचा नाही.
सूप निवायचं, आणि मीच जायची चालत,
चिखलातून, तेवीस वर्षं.

कापताना काही आवाज झाला नाही.
मोडेमचा हिरवा दिवा लुकलुकला, थांबला,
लुकलुकला,
स्थिर झाला.
तेवीसशे चाळीस. मार्जिन अकरा.
फ्राउके पलीकडून म्हणाली, काय केलंस काय?

फॉर्मवर ‘कारण’ या चौकटीत
एका ओळीचीच जागा असते.
निकामी फाटा, असं लिहिलं.
मग ‘निकामी’ खोडलं, पण कार्बनवर उमटलंच होतं.

सही घ्यायला आत गेलो तर
त्या पडद्यासमोर, चष्मा कपाळावर,
पाववाल्याला काहीतरी खरमरीत टाइप करत.
तिसरा कप टेबलावर निवत होता, माझा.
मी उभ्याउभ्या प्यायलो.
जाताना दार नीट ओढ, त्या वर न बघता म्हणाल्या,
वारा गोठ्याकडून येतो.